मला म्हणणारा पोट्टा

गोदूबाई बाजारात दिसली की मासेवाल्या बाया एकमेकींना कोपर मारत. ही बाई कन्हान नदीचा ताजा मासासुद्धा कल्ले उचकटून पाहिल्याशिवाय पिशवीत घालत नसे. डोळा बघायची, पोट दाबायची, नाकाशी धरायची, आणि एवढं सगळं करून, "कालचा हाये वं हा," म्हणत टोपलीत परत टाकायची. मुलखाची संशयी! नवरा नत्थूजी म्हणे, "इच्यापुढं साक्षात देव उभा राह्यला, तरी हे त्याले आधार कार्ड मागन."

अशा बाईच्या घरी दुर्गेशभाऊने गोठवलेल्या माशाचं पाकीट पाठवावं, म्हणजे बघा! पांढरी फटक वडी. ना मुंडकं, ना शेपूट, ना काटा. गोदूबाईने पाकीट उलटंसुलटं केलं.

"याले तं डोळेच नाहीत. ताजा का शिळा, कसं समजाचं? कुठला हाये, कोणी कापला?"

"तुह्याच पोरानं कापला असन," नत्थूजी हसत म्हणाला.

गोदूबाई हसली नाही. पाकीट तिने फ्रिजच्या वरच्या खणात टाकलं. शिजवायला मन होईना आणि फेकायला हात होईना.

दुर्गेशभाऊचं जरीपटक्याला कोल्ड स्टोरेज. परदेशातला मासा, झिंगे आणायचे आणि हॉटेलांना पुरवायचे, हा धंदा. त्यात त्याने दुसरी सोय लावली होती. माल तिकडून आणायचा आणि तिथल्या कारखान्यात कापायला, सोलायला पोरं इकडून पाठवायची. गोळीबार चौकाकडच्या कोष्ट्यांच्या गल्ल्यांत बिनकामाच्या पोरांना काय तोटा? हातमाग कधीच बंद पडले. नत्थूजीने आपल्या मागाचा खड्डा बुजवून वर फरशी टाकली आणि तो एका शाळेच्या गेटवर चौकीदार झाला. खोलीत मागाचा तेवढा एक खांब उरला, तोही टिनाचं छत त्याच्यावर टेकलेलं म्हणून. भूपेश दसऱ्यानंतर गेला. जाताना म्हणाला, "आई, तू समुद्र नाही पाह्यला ना? फोनवर दाखवतो तुले. पोहोचल्याबरोबर."

पोहोचल्यावर पोट्टा रोज फोन करायचा. जेवला काय, झोपला काय, मायलेकाचं तेच ते. समुद्राचं विचारलं की म्हणायचा, "दाखवतो वं, सुट्टी तं मिळू दे." मग त्याचा फोन म्हणे बिघडला. मग भलत्याच नंबरावरून फोन यायला लागला, तोही रविवारचाच. आणि मग एका रविवारी गोदूबाई नेहमीसारखी खांबाला पाठ लावून बसली, कारण घरात रेंज तिथेच यायची, आणि भूपेश म्हणाला,

"आई, मला इथे बरं आहे. मला जेवण वेळेवर मिळतं. मला काही त्रास नाही."

गोदूबाईने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. विंचू निघावा तसं.

"कोण बोलून राह्यलं बे?"

"मी. भूपेश."

"भूपेश असशील तं सांग, काहून असा बोलून राह्यला?"

तिकडून कुणीतरी खाकरलं. फोन बंद झाला.

"‘मला’ म्हणते तो!" गोदूबाई तणतणली. "माहा पोट्टा ‘मले’ म्हणते. हा ‘मला’वाला कोण?"

"सुधरला असन," नत्थूजी म्हणाला. "परदेशात गेला, चार माणसात बसते. तू काय, पोरगं सुधरलं तरी रडशीन."

मुलगी हर्षा मोबाइलच्या दुकानात कामाला होती. ती एकदम म्हणाली, "बाबा, दादा एकदाच ‘मला’ म्हणाला होता. आठवते? शाळेत, पंधरा ऑगस्टच्या भाषणात."

आठवत होतं. गुरुजी बाजूला छडी घेऊन उभे होते आणि भूपेश पाठ केलेलं घडाघडा म्हणत होता, मला माझ्या देशाचा अभिमान आहे. घरी आल्यावर पहिलं वाक्य होतं, "मले भूक लागली."

"मंग आता छडी घेऊन कोण उभा हाये?" गोदूबाईने विचारलं.

नत्थूजी उगाच पंख्याचं बटण खालीवर करत बसला. त्यालाही कळलं होतं हो, पण बापाच्या जातीला लवकर मान्य करता येत नाही!

पुढच्याच आठवड्यात दुर्गेशभाऊ स्वतः दारात. हातात संत्राबर्फीचा डबा, तोंडात त्याहून गोड साखर.

"काकू, एक छोटंसं काम आहे. मुंबईकडच्या मोठ्या हॉटेलवाल्यांना आपला माल पाहिजे. पण आजकाल नवीन झंझट निघालंय. मासा कापणारी पोरं राजीखुशीने कापतात का, की कोणी डांबून ठेवलंय, ते बघायला त्यांची मॅडम येणार. तुमच्या समोर भूपेशला व्हिडिओ कॉल लावू. पोरगा खुश, आई खुश, मॅडम खुश. तुम्ही फक्त खरं ते सांगायचं. की पोरगा मजेत आहे, आपल्या मर्जीने गेलाय, रोज बोलतो."

"रोज कुठी बोलते?"

"तेच ते. म्हणायचं तसं."

"खरं सांगाचं तं मंग शिकवून काहून राह्यले, भाऊ?"

दुर्गेशभाऊ हसला. "काकू पण ना! टेन्शन नही लेने का. हे काम झालं तर भूपेशला सुपरवायझर करू. नाही झालं तर..." त्याने डबा पुढे सरकवला. "कारखाना बंद पडला तर पोरांचं तिकडे कोण पाहणार, सांगा?"

झालं! साखरेत गुंडाळलेली गोळी ती हीच. गोदूबाईने बर्फीला हात लावला नाही. मुंग्यांना मात्र कसलाच संशय नसतो, त्या संध्याकाळपर्यंत डब्याला लागल्या.

मॅडम आली ती दुर्गेशभाऊच्याच गाडीतून. इथेच गोदूबाईचं मन उतरलं. चोराच्या गाडीत बसून चोर धरायला आली ही! नाव चिन्मयी, माहेर इथल्याच धरमपेठेतलं, नोकरी मुंबईला. बोलायला मऊ. खुर्ची दिली तर नको म्हणाली आणि खाली सतरंजीवर बसली. गोदूबाईने तेही संशयानेच पाहिलं. मऊ बोलणारी माणसं तिने याच महिन्यात पोटभर पाहिली होती.

दुर्गेशभाऊने फोन लावला. रेंजसाठी सगळे खांबाभोवती गोळा झाले. पडद्यावर भूपेश आला. केस विंचरलेले, अंगात घडीचा नवा शर्ट, गालाची हाडं वर आलेली. त्याच्या मागे नुसती पांढरी भिंत.

"नमस्कार मॅडम. मला इथे चांगलं वाटतं. मला जेवण वेळेवर मिळतं. मला कोणी जबरदस्ती केली नाही." बोलताना त्याची नजर फोनवर नव्हती, फोनच्या जरा वर, डावीकडे होती. त्या बाजूला जे कोणी उभं होतं, त्याला मराठी कळत असणार. नाहीतर एवढी शुद्ध मराठी कोणासाठी?

चिन्मयी एकेक विचारत गेली. पासपोर्ट कुठे आहे? माझ्याजवळच आहे. सुट्टी मिळते? मिळते. गोदूबाईला विचारावं तर सगळंच विचारावंसं वाटत होतं, आणि वावगं काही बोलावं तर तिकडे पोराच्या पाठीत काय बसेल, कोण जाणे.

शेवटी तिने साधंच विचारलं. "कसा ठेवते रे तुले तिथं?"

भूपेशने पहिल्यांदा सरळ आईकडे पाहिलं.

"घरच्यासारखंच, आई. लहानपणी तू मागापाशी बसली की मी खांबापाशी कसा खेळत होतो? तसंच ठेवतात मला. अगदी तसंच."

"वा!" दुर्गेशभाऊने मांडीवर थाप मारली. "ऐकलं मॅडम? घरच्यासारखं! आणखी काय पाहिजे?"

फोन बंद झाला. नत्थूजीने मान खाली घातली. गोदूबाईने मात्र खांब घट्ट धरला.

कारण भूपेश खांबापाशी खेळत नव्हता. भूपेश खांबाला बांधलेला असायचा. गल्लीतल्या सगळ्याच बाया बांधत. माग थांबवता येत नाही, नवऱ्याच्या हाताखाली सुताच्या कांड्या भराव्या लागतात, आणि रांगतं पोर एकतर खड्ड्यात पडतं नाहीतर रस्त्यावर जातं. मग जुन्या लुगड्याची पट्टी पोराच्या कमरेला आणि दुसरं टोक खांबाला. घरभर फिरता येईल एवढी लांब, उंबरा गाठता येणार नाही एवढी आखूड. ही गोष्ट कोष्ट्याच्या घराबाहेर कोणाला ठाऊक असणार? तिकडे छडी घेऊन उभा असलेल्याला नाही, दुर्गेशभाऊला नाही. पोट्ट्याने भर पहाऱ्यात आईच्या कानात सांगितलं होतं, मला बांधलंय.

आता ही गोष्ट सांगायची कोणाला? या मॅडमला? ती दुर्गेशभाऊची असली तर संध्याकाळच्या आत तिकडे फोन जाईल. आणि नसली तर? गोदूबाईने चिन्मयीकडे मासा पाहावा तसं पाहिलं. बाई नत्थूजीकडे बघत होती. एवढ्या आनंदाच्या बातमीला बाप मान खाली का घालतो, हा प्रश्न तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होता. डोळा ताजा आहे, गोदूबाईने ठरवलं.

"चला मॅडम, निघू या," दुर्गेशभाऊ उठला.

"असं कसं?" गोदूबाईने कमरेला पदर खोचला. "लेकबाळ पहिल्यांदा घरी आली, हळदीकुंकवाबिगर जाऊ देऊ काय? ओटी भरतो. बाप्यांनी बाहेर बसाचं. अवो, भाऊले घेऊन जा, गाडी पाहा त्यायची, पोट्टे चढते तिच्यावर."

नत्थूजीने आयुष्यात प्रथमच बायकोचं एका शब्दात ऐकलं. हळदीकुंकवात काय बोलणार दुर्गेशभाऊ? गेला बाहेर.

दार लोटून गोदूबाईने चिन्मयीला कुंकू लावलं. मग हर्षाच्या गळ्यातली ओढणी ओढून घेतली, एक टोक खांबाला बांधलं आणि दुसरं, काही कळायच्या आत, चिन्मयीच्या कमरेला.

"काकू, हे काय?"

"जाय आता दारापर्यंत."

चिन्मयी गोंधळली, पण निघाली. उंबऱ्याच्या अलीकडे ओढणीला हिसका बसला. तिने वळून पाहिलं. आधी ओढणीकडे, मग खांबाकडे. खांबाला खालच्या बाजूला, रांगत्या पोराच्या कमरेच्या उंचीवर, एक गुळगुळीत खाच पडली होती.

"असा खेळत होता तो," गोदूबाई म्हणाली. "अगदी असा. समजलं काय, बाई?"

चिन्मयी खांबापाशी परत आली आणि तिने त्या खाचेवरून बोट फिरवलं. ओढणी सोडायचंही तिला सुचलं नाही.

"समजलं," ती हळूच म्हणाली. "पण काकू, हे मला समजलं. माझ्या वरच्यांना खांब कसा दाखवू? ते म्हणतील, पोरगा स्वतःच्या तोंडाने खुश आहे म्हणाला."

"मंग?"

"दुर्गेशभाऊंचा माल आमच्या होकारासाठी बंदरात अडलाय. आज तो पोरगा माझ्यासमोर काही बोलला, तर त्याला हात लावणं त्यांना महागात पडेल. नाही बोलला, तर माल सुटेल आणि त्याला विचारायला पुन्हा कोणी येणार नाही."

गोदूबाईने डोळे पुसले. कानाकोपऱ्याचा विचार करणारी बाई ती, तिला आठवायला कितीसा वेळ लागणार?

"त्यानं मले समुद्र दाखवतो म्हटलं होतं," ती म्हणाली. "अजून दाखवला नाही."

ओढणी सोडून दुर्गेशभाऊला आत बोलावलं. चिन्मयी खांबाला टेकून अगदी मऊपणे म्हणाली, "तोच नंबर पुन्हा लावा ना. काकूंचं एक राहिलंय."

"आता तिकडे शिफ्ट सुरू झाली असेल."

"आत्ता तर निवांत बसला होता. लावा. नाहीतर मला लिहावं लागेल की पुन्हा बोलू दिलं नाही."

दुर्गेशभाऊने लावला. तिकडे कोणीतरी जाड आवाजात "हां, बोलो सेठ," म्हणालं. दुर्गेशभाऊ तोंड उघडणार तोच चिन्मयीने फोन त्याच्या हातातून काढून घेतला, आणि स्वतःचा फोन हर्षाच्या हातात दिला, रेकॉर्डिंग सुरू करून. भूपेश पुन्हा पडद्यावर आला. नवा शर्ट एवढ्यात अंगातून गेला होता. खाली फाटका बनियन होता.

"भूपेश," गोदूबाई म्हणाली, "मी काही नाही मांगत. मले समुद्र दाखव. दार उघड, बाहेर जाय, अन् दाखव. तू म्हटलं होतं."

भूपेशने डावीकडे पाहिलं. मग आईकडे. मग पुन्हा डावीकडे.

"मला..." तो म्हणाला आणि थांबला.

दुर्गेशभाऊने फोनकडे हात केला. नत्थूजीने, शाळेच्या गेटवर उभ्या जन्मात कोणाला न अडवलेल्या त्या माणसाने, तो हात धरला.

"आई," भूपेश म्हणाला, "मले बाहेर नाही जाऊ देत वं. दाराले बाहेरून कुलूप हाये. मी तं एकदाबी समुद्र नाही पाह्यला. मले घरी ने."

तिकडून आरडाओरड झाली, पांढरी भिंत एकदम तिरपी झाली आणि पडदा काळा पडला.

हर्षा रडत होती, पण फोन तिने तसाच धरून ठेवला होता. गोदूबाई दुर्गेशभाऊच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"ऐकलं काय, भाऊ? आता बोलला माहा पोट्टा. आणा त्याले."