टमीच्या आधीचा एक

डॉक्टर हाताखालच्या डॉक्टरला इंग्रजीत भराभर काहीतरी सांगत होते आणि रमाबाईंचे कान त्यातल्या एकाच शब्दाला चिकटले. मग डॉक्टर मराठीत म्हणाले, "उद्या मुलीला घेऊन या, सविस्तर बोलू." तेवढ्यावर नवरा-बायकोची बोळवण झाली.

ठाण्याहून परतताना बसमध्ये रमाबाईंच्या जिवाला चैन नव्हतं. लेक मेघना नर्सिंगला. मेथी निवडता निवडता त्याच तिची उजळणी घ्यायच्या. लॅरिंग म्हणजे स्वरयंत्र, टमी म्हणजे चीर देणं, एक्टमी म्हणजे काढूनच टाकणं. "ग्रीक आहे गं सगळं," मेघना म्हणाली होती, "टमीच्या आधी ‘एक’ ऐकू आला ना, की एक अवयव गेला समज." त्यावर मायलेकी पोट धरून हसल्या होत्या. आता त्या हसण्याची रमाबाईंना लाज वाटत होती.

लॅरिंगॉटमी की लॅरिंजेक्टमी? पहिल्यात जोर ‘गॉ’वर, दुसऱ्यात ‘जे’वर, आणि तो मेला ‘एक’ ‘जे’च्या पोटात दडी मारून बसलेला. त्यांनी शब्द ओठांत घोळवला. डोळे मिटले की ‘गॉ’ ऐकू यायचा, उघडले की पुन्हा ‘जे’.

शेजारी त्यांचे यजमान सीताराम गळ्याला मफलर गुंडाळून बसले होते. बुद्धविहारात दर रविवारी बुद्धवंदना तेच सांगायचे. माईक बंद पडला तरी त्यांचं काही अडत नसे.

"रमा," त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "डॉक्टर टमी बोलले का एक्टमी?"

रमाबाई चपापल्या. पेपर तोंडासमोर धरून हा माणूस सगळी उजळणी ऐकत होता तर.

"मला नाय आलं नीट ऐकू. तुम्ही उगाच डोक्यात घेऊ नका."

"आलं तुला. एक होता त्याच्यात. मी पण ऐकला."

विठ्ठलवाडी आली तशी दोघं उतरली.

घरी आल्यावर बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून सीतारामांनी त्रिशरण सुरू केलं. रमाबाई नेहमीसारख्या त्यांच्यामागून म्हणत होत्या. त्रिशरण तीनदा म्हणायचं असतं. दुसऱ्या खेपेनंतर सीताराम थांबले. खोकला आला असेल, असं रमाबाईंना वाटलं.

"आता तू सांग," ते म्हणाले. "मी मागून म्हणतो. सवय करायला पायजे."

रमाबाईंनी जन्मात कधी वंदना सांगितली नव्हती. तरी तिसरी खेप त्यांनी सुरू केली. प्रत्येक ओळीनंतर त्या थांबत होत्या. मागून म्हणतो म्हणालेल्या सीतारामांचे ओठ तेवढे हलत होते.