डाव्या धारेचा कोयता

"बसा की जरा! सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या. ओटी झिजेल," माझी बायको रखमा म्हणाली.

झिजू दे. माझ्या बापाची ओटी आहे. अकरा वाजता माणिकपूरला शर्लिन वकीलबाईंकडे जायचं होतं आणि मी दोनदा सदरा घालून दोनदा काढला होता. रखमावर उगाच खेकसलो, मग चहा न पिताच निघालो.

प्रकरण बेनेडिक्टचं. आमच्या उमेळे गावातला, नारळावर चढणारा. बारा वर्षं माझ्या वाडीतले नारळ त्यानंच पाडले. सहा वर्षांपूर्वी पलीकडच्या बंगल्यातल्या म्हातारीचा खून झाला. आदल्या आठवड्यात बेनेडिक्टनं तिचे नारळ पाडले होते, एवढ्यावरून पोलिसांनी त्याला उचलला. चार वर्षं आत होता. मग हायकोर्टानं सोडला, पण संशयाचा फायदा देऊन. म्हणजे माणूस सुटला, डाग नाही सुटला. अजून कोणी त्याला कंपाउंडच्या आत घेत नाही. म्हणून आता त्यानं पोलिसांवरच दावा लावलाय. पुरावा खोटा होता हे कोर्टानं लिहून द्यावं आणि भरपाई द्यावी. वकीलबाई त्याच्याच.

त्या खोट्या पुराव्याचा पंच कोण? मीच, दयाराम. पोलीस वस्तू जप्त करतात तेव्हा शेजारी उभं राहून बघायचं, ते पंचाचं काम. मी काय बघितलं? डोंबल! फौजदार माझ्या वाडीत येऊन शहाळं प्यायला. जाताना सहा शहाळी गाडीत टाकली. "ठाण्यात फोडायला कोयता दे, उद्या परत पाठवतो." दिला. दुसऱ्या दिवशी कोयता आला नाही, कोरे कागद आले. आमच्याकडे साहेबाला नाही म्हणायची सवयच नाही. शहाळं मागितलं, शहाळं दिलं. सही मागितली, सही दिली.

पुढे खटल्यात सरकारी वकिलानं एक कोयता दाखवला. "आरोपीच्या घरातून तुमच्यासमोर जप्त केला, तो हाच का?" बघितला आणि ओळखला. माझाच कोयता! मी डावखुरा. लोहाराकडून मुद्दाम उलट्या बाजूनं धार काढून घेतो. उजव्या हातानं मारला तर फांदीवरून सटकतो. सगळ्या उमेळ्यात तसा एकच कोयता. पोलिसांना त्यातलं काय कळणार! मला कळलं, आणि मी म्हटलं, "हो, हाच."

का? माझा आहे म्हटलं असतं तर मलाच आत घातलं असतं. माझी मुलगी जागृती तेव्हा दहावीला होती. हीच कारणं मी इतकी वर्षं स्वतःला सांगतोय. लाज वाटते.

काल फौजदाराचा फोन आला. "तब्येत बरी ना, दयाराम? या वयात जबाब बदलू नकोस. खोट्या साक्षीत जाशील."

वकीलबाईंच्या ऑफिसात बेनेडिक्ट आधीच येऊन बसला होता. त्यानं मान हलवली. बाईंना मी फक्त कोऱ्या कागदांचं सांगितलं होतं, तेवढंच त्यांनी माझ्या जबाबात लिहून ठेवलेलं. "काका, यानं तुमच्यावर खटला होऊ शकतो. मी लपवणार नाही," त्या म्हणाल्या. "वाचा, मग सही करा."

पेन उचललं. सुटलो असतो की! सही केली असती आणि घरी जाऊन जेवलो असतो. पण पेन परत खाली ठेवलं.

"अजून एक लिहा," मी म्हटलं. "तो कोयता माझा होता. डाव्या धारेचा. कोर्टात अजून ठेवला असेल तर काढा, आणि बेनेडिक्टच्या उजव्या हातात देऊन बघा."

वकीलबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. बेनेडिक्ट मात्र हलला नाही.

"मला माहीत आहे, दादा," तो म्हणाला. "बारा वर्षं तुमच्या वाडीत चढलो. तुमचा कोयता ओळखणार नाही?"

"मग बोलला का नाहीस, गाढवा?" मी ओरडलोच. चूक माझी, आणि ओरडतोय त्याच्यावर!

"माझं कोण ऐकणार होतं? आणि ऐकलं असतं तर तुम्हाला उचललं असतं. म्हटलं, दादा स्वतःच बोलतील. साक्ष झाल्यावरही वाटायचं, पुढच्या तारखेला येतील. दर तारखेला दाराकडे बघत बसायचो."

मला रडू आवरेना. बाईंनी पाणी दिलं, नवा कागद काढला. मी चष्मा लावला आणि ओळ न् ओळ मोठ्यानं वाचली, मग सही केली. बेनेडिक्ट उठला.

"नारळ पाडायला येशील?" मी विचारलं.

"आधी कोर्टात बोला, दादा," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

बाहेर येऊन मी रखमाला फोन लावला. म्हटलं, एक पिशवी भरून ठेव. दोन सदरे, टॉवेल आणि माझ्या बीपीच्या गोळ्या.

"अगं बाई! कुठे निघालात?"

"अजून कुठेच नाही," मी म्हटलं. "पण पोलीस मला न्यायला आले, तर या वेळी मी मागे हटणार नाही, घरातच सापडेन."