डोळ्यातला थेंब

बाबांच्या डोळ्यातून काढलेलं पाणी नळीच्या तळाशी जेमतेम दिसत होतं. उजवा डोळा आधीच गेला होता, आता डाव्यातही संसर्ग शिरला होता. कसला, ते कळल्याशिवाय औषध ठरणार नव्हतं, आणि पुन्हा सुई टोचायला डॉक्टर तयार नव्हते.

त्यांची धाकटी मुलगी, नमुना जिथे तपासायचा होता त्याच प्रयोगशाळेत केमिस्ट होती. "माणसाचा हात थरथरतो, याचा नाही," म्हणत हे नवं यंत्र घ्यायला तिनंच साहेबांच्या मागे लकडा लावला होता. थेंब उचलायचा, त्यात रसायनं मिसळायची, तपासायचा, सगळं ते एकटं करी. तिनं नळी आत ठेवली.

काचेची सुई खाली गेली, वर आली आणि मध्येच थांबली. पडद्यावर अक्षरं उमटली: नमुना सापडला नाही.

तिनं नळी काढून उजेडात धरली. नळी रिकामी होती.

तिनं यंत्र दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला.

"बंद करून परत चालू करा, मॅडम."

"चालू झाल्यावर आधी सुई धुतली जाते ना?"

तो सावरून म्हणाला, "हो. थेंब सुईत असेल तर वाहून जाईल. बटणाला हात लावू नका, सुई सोडवून घ्या."

फोन ठेवते तोच दवाखान्यातून दादाचा आला. "बाबा विचारतायत, झालं का?"

"चालू आहे," ती म्हणाली.

तिथल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञ, सगळ्यांच्या मावशी, बॅटरी धरून उभ्या राहिल्या. सुईत हवेचा बुडबुडा होता आणि त्याच्यावर अडकलेलं पाणी. धाकटीनं सुई सोडवून तिच्या मागे सिरिंज जोडली. तिनं मनगट टेबलाला टेकवलं.

"श्वास सोड, मग हळूच ढकल," मावशी म्हणाल्या.

थेंब पडला, पण निम्मा काचेलाच चिकटला. उरला तो एकाच तपासणीपुरता. कुठली करू, तिनं डॉक्टरांना फोनवर विचारलं.

"बुरशी बघा."

"नक्की?"

"नक्की कसं सांगू? पण बघा."

रसायनं तिनं हातानंच मिसळली. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा कुठे रंग चढू लागला. बुरशीच होती. त्याच संध्याकाळी औषध सुरू झालं.

बाबांच्या डोळ्यावरची पट्टी काढायच्या दिवशी ती दाराबाहेरच उभी राहिली. आत जायचा धीर होईना. शेवटी दादा बाहेर आला.

"आत ये. बाबा तुला शोधतायत."

"हाका मारतायत?"

"नाही गं. नजरेनं."