पडलेल्याला हात लावायचा नाही

कोच स्ट्राउड आमच्या हार्लन बेंडला आला त्या दिवसापासून मला तो आवडला नाही, आणि हे मी कुणापासून लपवलंही नाही.

अमेरिकन फुटबॉलच्या पगारी खेळाडूंच्या मोठ्या लीगमध्ये बचाव शिकवण्यात त्याची हयात गेली होती. बोटात अजिंक्यपदाच्या दोन जाड अंगठ्या होत्या, आणि बोलताना तो त्या हाताची बोटं टेबलावर वाजवायचा. ब्रॅकेट स्टेट कॉलेजने त्याला आमच्या संघाचा बचाव सांभाळायला आणलं, तेव्हा गावातल्या लोकांना वाटलं आता आपण जिंकलोच. उन्हाळाभर तेच चाललं होतं. हंगाम सुरू झाला आणि पहिल्या चार सामन्यांत आमच्यावर इतके गुण चढले की लोक अर्ध्यातच गाड्यांकडे परतू लागले.

माझा नातू ट्रेव्हन त्या बचावातला मधला गडी. समोरचा संघ चेंडू घेऊन चाल करायला उभा राहिला की आपल्या अकरा जणांनी कुठे उभं राहायचं, हे मधला गडी ओरडून सांगतो. कॉलेजातलं त्याचं हे शेवटचं वर्ष होतं. आई गेल्यापासून तो माझ्याकडे वाढला, आणि मोठ्या लीगमध्ये खेळण्याशिवाय दुसरं काही त्याच्या तोंडी मी कधी ऐकलं नाही. एप्रिलमध्ये ते लोक कॉलेजची पोरं निवडतात. त्याची सगळी भिस्त त्यावर होती.

डूली न्हाव्याच्या दुकानात शनिवारी सकाळी हाच विषय असायचा. वेंडल हा हायस्कूलात भूगोल शिकवून निवृत्त झालेला. गावात स्ट्राउडची बाजू घेणारा तो एकटाच.

"त्याचा बचाव वाईट नाही," वेंडल खुर्चीत मान वाकवून म्हणाला. "आपली पोरं मंद आहेत."

"तुझ्या वर्गात बसलेली ना, मग होणारच," डूली म्हणाला.

"हसा. मोठ्या लीगमध्ये तोच बचाव चालतो."

"अरे, तिथे चेंडू दर वेळी जवळपास मधोमध ठेवतात. आपल्याकडे कडेला ठेवतात आणि एका अंगाला गुरं चारावीत एवढं रान मोकळं राहतं. त्याचे गडी मात्र दोन्हीकडे सारखे उभे. तिथे कोच हेल्मेटातल्या यंत्रातून एकाच्या कानात बोलतो. इथे हातवारे करायचे. हा म्हातारा माशा हाकलल्यासारखे हात हलवत राहतो, तोवर समोरचे गुण घेऊन पाणी प्यायला बसलेले असतात."

"शिकतील पोरं हळूहळू."

"कधी? तिथल्यांना दिवसभर दुसरं काम नाही. आपल्या पोरांना वर्गात बसावं लागतं, सरावाला नियमाने मोजके तास. मिस्टर ॲल्विन, तुमचा ट्रेव्हन काय म्हणतो?"

"मला विचारू नकोस," मी म्हणालो. "तो माझ्याशी त्यावर बोलत नाही."

हे खरं होतं. पण सरावाच्या वेळी मी कुंपणाशी उभा राहायचो आणि मला दिसायचं. एकदा चेंडू घेऊन पळणारा पोरगा आपणच घसरून पडला. आमची पोरं थांबली. कॉलेजच्या खेळात पळणाऱ्याचा गुडघा टेकला की ती खेप तिथेच संपते, कुणी त्याला शिवावं लागत नाही. मोठ्या लीगमध्ये तसं नाही. तिथे कुणी हात लावला नाही तर पडलेला माणूस उठून पुन्हा पळू शकतो.

स्ट्राउडने शिट्टी फेकून दिली. "थांबलात कशाला? तो उठून पळाला असता."

"कोच, आपल्याकडे गुडघा टेकला की संपतं," ट्रेव्हन म्हणाला.

"तुला कुठे खेळायचंय? इथे का तिथे?"

ट्रेव्हनने हेल्मेटाचा पट्टा घट्ट केला.

"विचारतोय मी."

"तिथे, कोच."

"मग पडलेल्याला हात लावल्याशिवाय माझ्याकडे बघायचं नाही. पुन्हा."

त्यानंतर रोज तेच. जो पडेल त्याच्यावर ट्रेव्हन झेप घ्यायचा. पाचसहा आठवड्यांत ते त्याच्या अंगात इतकं भिनलं की विचार करायला जागाच उरली नाही.

ऑक्टोबरात घरच्या मैदानावर आम्ही चार गुणांनी पुढे होतो आणि सामना संपत आला होता. दहा वार, म्हणजे दहा यार्ड, पुढे सरकायला चार खेपा मिळतात. समोरच्यांची तिसरी होती. त्यांचा पळणारा ओल्या गवतावर घसरला आणि हव्या त्या रेषेच्या दोन वार अलीकडे आडवा झाला. कुणी त्याला शिवलंही नव्हतं. आमच्या बाकांवरचे लोक उभे राहिले. तेवढ्यात ट्रेव्हन धावत आला आणि त्याच्यावर पडला.

पंचाने पिवळा रुमाल टाकला. पडलेल्या माणसावर घाव घातला म्हणून त्यांना पंधरा वार फुकट मिळाले, वर पुन्हा नव्याने चार खेपा. दोन खेपांत ते आमच्या टोकाला पोचले, म्हणजे सहा गुण. आम्ही हरलो.

सामन्यानंतर वार्ताहरांनी स्ट्राउडला गाठलं. रेडिओवर मी स्वतः ऐकलं. तो म्हणाला, "शेवटच्या वर्षाच्या पोराला खेळाचे नियम माहीत असायला हवेत. त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं."

एवढंच बोलला. आपण काय शिकवलं त्याबद्दल अक्षर नाही.

आठवडाभर गाव ट्रेव्हनच्या मागे लागलं. रेडिओवर फोन करून लोक त्याचं नाव घ्यायचे. ट्रेव्हनला घेऊन पेट्रोल भरायला थांबलो तर एकजण खिडकीशी वाकून त्याला म्हणाला, "पोरा, मी चुकून पडलो तर दया कर रे." सोमवारी सकाळी माझ्या गाडीच्या आरशाला कुणीतरी पिवळं फडकं बांधून ठेवलेलं होतं. यातल्या निम्म्या लोकांनी त्याच्या आईच्या मयताला आमच्या घरी डबे आणले होते.

शुक्रवारी नदीकाठच्या खानावळीत स्ट्राउड एकटा तळलेला मासा खात बसला होता. मी समोरची खुर्ची ओढली.

"कोच, पडलेल्यावर झेप घ्यायला माझ्या नातवाला कुणी शिकवलं?"

"मी जेवतोय."

"दिसतंय मला."

त्याने काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "मोठ्या लीगमध्ये त्या खेपेबद्दल त्याची पाठ थोपटली असती."

"ही ती लीग नाही."

"म्हणूनच तुमचा नातू अजून इथे आहे."

"हेच रेडिओवर सांगायचं होतं. मी शिकवलं, त्याने केलं. एवढं बोलून तुमच्या अंगठ्या गळून पडल्या नसत्या."

तो जेवत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मिस्टर ॲल्विन, एप्रिलच्या आधी ते लोक मला फोन करतात. पोरगा कसा आहे, ऐकतो का, विचारतात. मी सांगेन तेच धरतात. तुम्ही घरी जा आणि त्याला खेळू द्या."

ते ट्रेव्हनच्या कानावर गेलंच. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला जायला?"

"कुणी नाही."

"आजोबा, त्याला येतं ते इथे कुणालाच येत नाही. समोरचा कुठे पळणार हे तो पाय बघून सांगतो."

"आणि आपली चूक तुझ्या गळ्यात टाकतो. वापरून घेतोय तुला."

"मग मीपण वापरतोय त्याला," तो म्हणाला. "शिकून घेतोय. एप्रिलपर्यंत तुम्ही तोंड बंद ठेवा. तेवढं करा माझ्यासाठी."

मी बंद ठेवलं. डूलीच्या दुकानातही गेलो नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी मॅरिक कॉलेजशी सामना. त्यांचं आमचं वैर माझ्या बापाच्या वेळेपासूनचं. ट्रेव्हनच्या मनात होतं की हा सामना तरी हातचा जाऊ नये, कारण त्याच्या आधीच्या तिन्ही वर्षांत मॅरिकला आम्ही एकदाही हरवलं नव्हतं. सकाळपासून मैदानाबाहेर गाड्यांची मागची फळी उघडून लोक डुकराचं मांस धुरावर भाजत होते, शेंगा उकडत होते. मला कुणी बोलावलं नाही आणि मीही थांबलो नाही.

मॅरिकची पोरं घाईची. एक खेप संपली की श्वास न घेता दुसरीला उभी. स्ट्राउडच्या एका इशाऱ्यात दहा गोष्टी. पहिला भाग संपेपर्यंत तीनदा असं झालं की आमची पोरं त्याच्याकडे बघत असतानाच मॅरिकचा गडी त्यांच्या बाजूने निघून गेला. माझ्या मागे बसलेला माणूस स्ट्राउडला शिव्या देत होता आणि अधूनमधून ट्रेव्हनलाही. चाल करणाऱ्या आमच्या दुसऱ्या अकरा पोरांनी कसेबसे गुण काढले म्हणून शेवटी आम्ही पाच गुणांनी पुढे होतो. घड्याळात फारसं उरलं नव्हतं, आणि मॅरिक आमच्या टोकापासून बारा वारांवर चेंडू घेऊन उभं होतं.

ट्रेव्हनने कडेला बघितलं. स्ट्राउडचे हात हलायला लागले होते. डोक्याला, खांद्याला, पोटाला, परत डोक्याला. मॅरिकची पोरं रांगेत लागली होती. ट्रेव्हन क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने पाठ फिरवली आणि आपल्या पोरांना दोनच शब्द ओरडून सांगितले. काय ते मला ऐकू आलं नाही. पण पोरं झटकन गेल्या वर्षीच्या जागांवर गेली. ती रचना माझ्या ओळखीची होती. साधी, मोकळ्या बाजूला एक गडी जास्त.

पहिल्या खेपेला मॅरिकचा पळणारा त्या जास्तीच्या गड्याच्या अंगावरच गेला. दुसऱ्या खेपेआधी स्ट्राउड रेषेपर्यंत आला होता आणि ट्रेव्हनचं नाव घेऊन ओरडत होता. ट्रेव्हन वळला नाही. चौथ्या खेपेला मॅरिकने फेकलेला चेंडू त्याने स्वतः हवेत थोपवला आणि खाली पाडला.

आम्ही जिंकलो. लोक मैदानात शिरले. माझ्या मागचा तो माणूस रडत होता आणि माझा खांदा हलवत होता. मी त्याचा हात काढून ठेवला.

खाली स्ट्राउड ट्रेव्हनपर्यंत गेला. हात मिळवला नाही. काहीतरी थोडंसं बोलला आणि बाकांखालच्या बोगद्यातून निघून गेला. घरी येताना मी विचारलं, काय म्हणाला.

"म्हणाला, हे मी लक्षात ठेवीन."

"तुला माहीत होतं तो असं म्हणणार?"

"हो."



एप्रिलमध्ये तीन दिवस टीव्हीवर नावं वाचली गेली. पहिल्या दिवशी ट्रेव्हनला आशा नव्हतीच. दुसऱ्या दिवशी त्याच्या मावश्या मक्याचा पाव, कॉर्नब्रेड, घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचं नाव वाचलं तेव्हा तो उठून खुर्च्या गोळा करायला लागला. त्याच्याहून हळू पळणारे, त्याच्याहून कमी जणांना पाडलेले मधले गडी घेतले गेले होते.

कॉलेजने स्ट्राउडला दुसऱ्या वर्षाला ठेवलं नाही. सोमवारी सकाळी मी त्याच्या भाड्याच्या घरी गेलो. मोठा ट्रक दारात उभा होता आणि दोन माणसं सोफा चढवत होती. तो पायरीवर कॉफी घेऊन बसला होता.

"फोन आले होते?" मी विचारलं.

"तीन संघांचे."

"काय सांगितलंत?"

"की तो समोरच्याची चाल माझ्याहून लवकर ओळखतो. आणि सांगितलेलं ऐकत नाही."

"पहिलं वाक्य पुरे होतं."

"त्यांनी दोन्ही विचारलं होतं."

"त्याने ऐकलं असतं तर तुम्ही मॅरिककडून हरला असता."

"असं तुम्हाला वाटतं." त्याने कप पायरीवर ठेवला. "माझ्या इशाऱ्यानेही ते अडले असते."

"बाकीच्या वर्षभर का नाही अडले मग कुणी?"

त्याने ट्रककडे बघितलं. तो म्हणाला, "निवड न झालेल्यांना चाचणीला बोलावतात. एका संघाचा माणूस आज दुपारी मला फोन करणार आहे. तेव्हा मी वाटेवर असेन."

"तेव्हा काय सांगाल?"

"जे आधी सांगितलं तेच."

"एक गोष्ट वाढवा. ऑक्टोबरात त्याने ऐकलं होतं. तुम्ही शिकवलं तसंच केलं होतं, आणि बोल त्याने गपचूप घेतला होता. तेही ऐकणंच झालं."

त्याने बोटातली अंगठी फिरवली. "मी कुणाच्या सांगण्यावरून बोलत नाही," तो म्हणाला.

सोफा आत गेला होता. ट्रकचा चालक येऊन म्हणाला, "साहेब, मागे कुणाचीतरी जुनी पिकअप आडवी लावलीय. आम्हाला निघता येत नाही."

"यांची आहे," स्ट्राउड म्हणाला. "मिस्टर ॲल्विन, गाडी काढा."

मी किल्ली खिशात टाकली.

"गाडी काढा म्हणतोय."

"फोन आला की इथे बसूनच बोला," मी म्हणालो. "निदान ज्याच्याबद्दल बोलताय त्याचं गाव समोर असेल."

तो मागून हाका मारत होता. मी फाटक लावलं आणि पायी घरी आलो.