पुलावर मी बंद पडलो

मी एक डिझेल इंजिन बोलतोय. आता फक्त बोलणंच उरलंय. थायलंडमधल्या सुरिनच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजमागे मला दोन जुन्या टायरांवर ठेवलंय. जे झालं ते मला अजून पटत नाही.

कारखान्यातून निघालो तो एका पिकअपच्या बॉनेटखाली. गाडी घेतली खामपननं. भातशेतीतले पाण्याचे पंप दुरुस्त करायचा धंदा त्याचा. पहिल्या दिवशी त्यानं भिक्खूंकडून गाडीला आशीर्वादाचे पांढरे ठिपके लावून घेतले आणि दुसऱ्या दिवशी मागच्या हौद्यात लाकडी खण ठोकत बसला. एका खणात पाने, लहानापासून मोठ्यापर्यंत. एकात पट्टे, एकात वायसर. आणि मागे दोन पांढरे कॅन, अगदी जुळे. डावा डिझेलचा, माझ्यासाठी. उजवा पेट्रोलचा, छोट्या पंपांसाठी. त्यांच्यावर त्यानं कधी काही लिहिलं नाही. जागा हीच त्यांची ओळख.

थंडीच्या सकाळी तो चावी अर्धी फिरवून, मी आतून तापून पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचा, मगच मला उठवायचा. एवढा धीर माणसं माणसांसाठीही धरत नाहीत. एकोणीस वर्षं असं चाललं.

त्या दिवशीही तो सकाळी हौदा आवरत होता. त्याची बायको लामुन जिन्यावरून ओरडली, "छप्पर गळतंय, आणि तुम्ही पाने पुसत बसलाय!"

"गंजतात गं."

"मग त्यांच्याशीच संसार करा. हौद्यातच झोपा. घरी येऊ नका!"

तो हसला आणि चिकट भाताची टोपली न घेताच निघाला.

पाच मिनिटांचं काम म्हणून त्यानं मला बांधावर चालूच ठेवलं. पंपावर वाकला, आणि वाकला तो चिखलात पालथा पडला. मी आपला गुरगुरत उभा. बऱ्याच वेळानं कुणीतरी येऊन चावी फिरवली. तो हात त्याचा नव्हता. तेवढ्यावरून मला कळलं.

दुसऱ्या दिवशी इस्पितळातून त्याची शवपेटी आणायची होती. धाकटा भाऊ प्रायुन म्हणाला, दादाशेजारी सामान नको. त्यानं सगळे पाने एका गोणीत कोंबले आणि दोन्ही कॅन पुढच्या सीटमागे ठेवले. कुठला कुठे, हे पाहायचं भान कुणाला होतं?

लामुननं गाडी चालवली. प्रायुन पेटीजवळ उदबत्त्या धरून बसला. आमच्याकडे गेलेल्या माणसाला रस्ता सांगत न्यावं लागतं, नाहीतर तो मागे राहतो. "दादा, डावीकडे वळतोय. ये आमच्याबरोबर."

टाकीचा काटा खाली आला. गाडी कडेला घेतली. उदबत्त्या वहिनीच्या हातात देऊन प्रायुन पुढे आला. रडून त्याचं नाक चोंदलं होतं.

"डावा डिझेलचा," तो पुटपुटला. "दादानं हजारदा सांगितलंय."

आणि त्यानं डावीकडचा कॅन माझ्या टाकीत रिकामा केला.

मून नदीपर्यंत नळीतल्या जुन्या डिझेलवर मी ओढलं. मग पोटात खडखड सुरू झाली. पेट्रोल! एकोणीस वर्षांत त्याचा थेंब मला शिवला नव्हता. पुलावर चढताना प्रायुननं नदीत नाणी टाकली. "दादा, पूल आला! ओलांड!"

अर्ध्या पुलावर मी बंद पडलो.

लामुननं मागे वळून पेटीकडे पाहिलं. "येत नाहीयेत ते," ती म्हणाली.

"वहिनी, अहो, गाडी बिघडली असेल."

"मीच म्हटलं होतं, घरी येऊ नका." ती उतरली आणि पेटीवर तिनं कपाळ टेकलं. "अहो, रागात बोलले मी. एकोणीस वर्षं माझं एक ऐकलं नाहीत, आणि आज नेमकं ऐकलंत?"

मग ती चावी फिरवत राहिली. पुन्हा, पुन्हा. दर वेळी माझा इंधनपंप आतून खरवडला जात होता. थांब गं बाई, त्याचा काही दोष नाही, असं ओरडावंसं वाटलं. मला कुठला आवाज? शेवटी एका उसाच्या ट्रकवाल्यानं दोर बांधून आम्हा दोघांना गावात ओढून नेलं.

"ओढून आणलं त्यांना," दाहसंस्काराच्या दिवशी ती प्रत्येकाला सांगत होती. "आपण होऊन नाही आले."

तीन आठवड्यांनी विरात मिस्त्रीनं मला उघडलं. बोटं हुंगली, तळहातावरचा लोखंडाचा चुरा लामुनला दाखवला. "टाकीत पेट्रोल कुणी ओतलं, वहिनी?"

"पेट्रोल? म्हणजे गाडी त्यांनी नव्हती अडवली?"

"कोण, खामपन? त्याच्या इंजिनावर ओरखडा आला तर दोन दिवस जेवायचा नाही तो. तो कशाला असलं करेल?"

प्रायुन मान खाली घालून उभा होता. लामुन मटकन टायरावर बसली.

"प्रायुन, मेल्या," ती म्हणाली. आधी हसली, मग तोंड न झाकता, भर गॅरेजात रडली. "अरे, ते येत होते घरी."

माझ्या जागी आता दुसरं इंजिन आहे. उद्या मला वितळवायला नेतील. तुमच्या गाडीतही खण असतील, नीट लावलेले. कुठे काय आहे ते घरातल्या कुणाला तरी आजच सांगा. मी मात्र त्याला पुलापार नेऊ शकलो नाही. तो निघाला होता, एवढं लामुनला कळायला माझं पोट उघडावं लागलं. उघडलं ते बरं झालं.