पाचव्या गाण्यातला बेस

“‘पाचव्या गाण्यात बेसवाला झोपला होता का?’” बायकोनं फोनवरून मोठ्यानं वाचलं. “खाली सहाशे जणांनी अंगठा दिलाय. पुढचं वाचू?”

“वाच की.”

“‘वस्ताद ढगात आणि बेसवाला खाटेवर.’ याला जरा डोकं आहे. आणि हा बघा, ‘एवढ्या मोठ्या कलाकाराच्या मागे हा ओंडका कुणी उभा केला?’”

“ओंडका नवीन आहे. मागच्या महिन्यात दगड होता.”

“बढती झाली तुमची. दगड बुडतो, ओंडका तरंगतो तरी.”

तो हसला आणि बुटाची नाडी आवळत राहिला. चौतीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता. हाताला ग्रीसचा वास कायमचा बसला होता, आणि सगळी वस्ती त्याला लिफ्टवालाच म्हणायची. बेस, म्हणजे जाड तारांची खर्जातली गिटार, वाजवायचा तो रविवारी, वस्तादांच्या मागे उभा राहून.

बावीस वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी दुपारी छापखान्यामागच्या हॉलमध्ये वस्ताद ब्लूज वाजवायला बसले. स्टेजवर दोघंच. उजवीकडे वस्तादांची गिटार आणि त्यांच्या डाव्या हाताला, जरा मागे याचा बेस. कुणीतरी ते सगळं नोंदवून ठेवलं. तीन वर्षांनी वस्ताद गेले आणि मग ते रेकॉर्डिंग जगभर फिरलं. जिवंतपणी ज्याला भाड्याची खोली मिळत नव्हती, तो मेल्यावर घराघरात पोचला. त्या हॉलमध्ये तीनशे माणसं मावत होती. आज ‘मी तिथं होतो’ म्हणणारे तीन हजार आहेत. ब्लूज म्हणजे दुःखाचं गाणं, असं हे लोक एकमेकांना शिकवतात आणि लगेच आवाज कुठल्या स्पीकरवर जास्त स्वच्छ येतो यावर एकमेकांची आई काढतात. मत सगळ्यांना असतं. ते फुकट मिळतं, म्हणून.

पाचव्या गाण्याचं खरं काय ते जगात दोघांनाच माहीत होतं, याला आणि बायकोला.

चौथं गाणं संपल्यावर वस्तादांनी तारा जुळवायच्या निमित्तानं लोकांकडे पाठ केली आणि डावा हात याच्यासमोर धरला. अनामिका आणि करंगळी वाकत नव्हत्या. मेल्यासारख्या सरळ.

“दोन गेली,” वस्ताद म्हणाले.

“बंद करू या.”

“वाजवायचं. तू मला धर.”

पाचवं गाणं संथ होतं. वस्ताद उरलेल्या दोन बोटांनी वाजवायला लागले. एका सुरावरून दुसऱ्यावर पोचायला त्यांना वेळ लागत होता, आणि तेवढा वेळ हा त्यांच्याकडे बघत बेस थांबवून धरत होता. एकटा उशिरा आला तर चुकला म्हणतात. दोघं बरोबर उशिरा आले तर लोकांना वाटतं, गाणंच तसं आहे. जमिनीच्या अर्धा इंच खाली थांबलेल्या लिफ्टमधून बाहेर पडताना माणूस ठेचकाळतो. जमीनच अर्धा इंच खाली घेता आली तर ठेचकाळणार नाही. त्या दुपारी त्यानं सात मिनिटं जमीन खाली घेतली. पुढच्या रांगेतली माणसं रडत होती.

स्टेजमागे वस्तादांनी याचा दंड धरला. “कुणाला बोलायचं नाही. माझ्या पोरीला तर मुळीच नाही. हात गेला हे कळलं की मला सगळे बघायला येतील, ऐकायला कुणी येणार नाही.”

यानं शब्द दिला. घरी येऊन बायकोला सांगितलं. बायको काही ‘कुणी’मध्ये मोडत नाही, असं त्याचं मत होतं. तिनंही बावीस वर्षं तोंड शिवून ठेवलं. तेही हे असले अंगठे मोजत.

“आज तरी सांगून टाका,” ती आता म्हणाली. फोन तिनं उपडा ठेवला होता. “तुमचा बेस काढून टाकणार आहेत ते. तुम्ही आयुष्यात एवढं एकच रेकॉर्ड केलंय. ते पुसलं की तुम्ही कधी वाजवतच नव्हता.”

“पुसू दे तर खरं. वाजवून बघू दे आधी.”

“तुमच्या या ‘बघू दे’नं माझा जीव जाईल एक दिवस.”

झालं होतं असं. वस्तादांच्या मुलीचा आठवड्यापूर्वी फोन आला होता. ती आता दातांची डॉक्टर होती. “काका, गैरसमज करून घेऊ नका,” अशी सुरुवात केली तिनं, म्हणजे पुढे काय येणार ते याला कळलंच. नवी आवृत्ती निघणार होती. चाहत्यांची चार हजार मतं आली होती आणि त्यातली निम्मी एकाच गोष्टीवर होती. बेस ताल सोडतो. म्हणून एका नामांकित बेसवालीकडून बेस पुन्हा वाजवून घ्यायचा होता. याची फक्त सही हवी होती.

“सही देतो,” हा म्हणाला होता. “पण पाचवं गाणं माझ्यासमोर वाजवा. मग देतो.”

स्टुडिओत दुपारी चौघं होते. मुलगी, रेकॉर्डिंगवाला, पायमोजे घालून खुर्चीत बसलेली पंचेचाळिशीची बेसवाली, आणि चाहत्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. अध्यक्षांचं चष्म्याचं दुकान होतं. ‘झोपला होता का’ हे वाक्य त्यांचंच. त्यांनी हात पुढे केला.

“तुम्हीच ते! फोटोत वेगळे दिसता.”

“तुम्ही झोपलेलाच पाहिलाय. उभा असलो की वेगळा दिसतो.”

बेसवाली खुदकन हसली. अध्यक्षांनी हात मागे घेतला. “वाईट वाटून घेऊ नका. वस्तादांवरच्या प्रेमापोटी लिहितो आम्ही.”

“ते दिसतंच.”

रेकॉर्डिंगवाल्यानं समजावलं. गिटार आणि बेस वेगवेगळे नोंदले गेले होते, म्हणून जुना बेस नुसता बंद करता येत होता. बंद केला. गाणं सुरू झालं. बेसवाली वाजवत होती, आणि ती वाजवत होती अगदी चोख. एक ठोका इकडे-तिकडे नाही. अध्यक्ष मान डोलवायला लागले. “हा! याला म्हणतात पाया.”

मिनिटभर त्यांची मान डोलली. मग थांबली.

वस्तादांची गिटार धडपडत होती. बेस वेळेवर पुढे जात होता आणि गिटार प्रत्येक वळणावर मागे राहत होती. धापा टाकत, पायरी चुकलेल्या म्हाताऱ्यासारखी. हेच सूर ऐकून लोक रडले होते. आता ते ऐकवत नव्हते.

बेसवालीनं मध्येच हात थांबवला. गिटार एकटीच ठेचकाळत पुढे गेली, मग रेकॉर्डिंगवाल्यानं ती बंद केली.

“गिटारच्या ट्रॅकमध्ये काहीतरी बिघाड आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“ट्रॅक चांगला आहे,” रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

“मग तुमच्या मशीनमध्ये असेल!”

“मशीनमध्ये नाही,” बेसवाली म्हणाली. तिनं लिफ्टवाल्याकडे पाहिलं. “यांनी त्यांना उचलून धरलंय. अख्खं गाणं. हे उशिरा येत नव्हते, हे थांबत होते.” मग हळूच विचारलं, “कुठली बोटं?”

त्यानं वाकून बुटाची नाडी पुन्हा आवळली.

मुलगी खोलीच्या काचेच्या भिंतीला टेकून उभी होती. “त्या कार्यक्रमाच्या वेळी मी सतरा वर्षांची होते,” ती म्हणाली. “त्याच वर्षी बाबा शर्टाची बटणं माझ्याकडून लावून घ्यायला लागले. म्हणायचे, तू लावलीस की दिवस चांगला जातो. मला कॉलेजला उशीर व्हायचा. मी चिडायचे त्यांच्यावर.” तिनं नाक पुसलं. “काका, हात कधी गेला त्यांचा?”

“मी शब्द दिलाय.”

“म्हणजे गेला होता.”

“मी काही बोललेलो नाही.”

अध्यक्षांच्या डोक्यात आता उजेड पडला आणि पडल्याबरोबर त्यांचा हात खिशातल्या फोनकडे गेला. “अहो, काय गोष्ट आहे ही! बोटं गेलेल्या हातानं वाजवलं! जाहीर करू या! लोक वेडे होतील. तुमचंही नाव होईल, सगळे माफी मागतील तुमची, मी पहिला मागतो...”

“फोन खिशात ठेवा.”

लिफ्टवाल्यानं आवाज चढवला नव्हता. पण अध्यक्षांनी फोन ठेवला.

“त्या माणसानं एकच गोष्ट मागितली होती माझ्याकडे. तुम्हाला वेडं व्हायचं असेल तर दुसरं काही शोधा. एक अक्षर बाहेर गेलं तर सही नाही, रेकॉर्डिंगही नाही.”

“पण मग तुमच्याबद्दल लोक तेच म्हणत राहतील!”

“म्हणू देत. मी झोपलो होतो. सहाशे साक्षीदार आहेत.”

मुलीनं सहीचा कागद टेबलावरून उचलला, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये टाकला. “जुना बेस राहील,” ती रेकॉर्डिंगवाल्याला म्हणाली. “जसाच्या तसा. आणि अध्यक्ष, मंडळाला सांगा, माझा हट्ट होता.”

“मतं वाईट येतील.”

“येऊ देत.”

अध्यक्ष खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसायला लागले आणि बराच वेळ पुसत राहिले.

लिफ्टवाला निघाला होता. तीन वाजता एका दवाखान्याची लिफ्ट बघायची होती. बेसवालीनं त्याला दारात गाठलं. “वीस वर्षं वाजवतेय मी. ताल कसा धरायचा ते सगळ्यांनी शिकवलं, असं थांबायचं कसं ते कुणी नाही शिकवलं. एकदा दाखवता?”

“हात राहिलेत का माझे आता.”

“बघू दे तर खरं.”

याला गंमत वाटली. तो परत फिरला, तिच्या खुर्चीत बसला, तिचा बेस मांडीवर घेतला. तारा कडक लागल्या. तिनं त्याच्या कानांवर हेडफोन चढवले. रेकॉर्डिंगवाल्यानं रेकॉर्डिंग बंद ठेवलं आणि पाचवं गाणं लावलं, नुसत्या गिटारचं.

गिटार फक्त त्याच्या कानात होती. खोलीत उभ्या मुलीला तिच्या वडिलांचा एकही सूर ऐकू येत नव्हता. स्पीकरमधून येत होता तो नुसता बेस. दोन सूर, मग थांबणं. एक सूर, मग आणखी लांब थांबणं. थांबला की तो मान वर करून उजवीकडे बघायचा, जिथं कुणी नव्हतं, हनुवटीनं किंचित खूण करायचा, आणि मगच पुढचा सूर लावायचा.