सावळीराम बोराडे यांचे पुनःप्रक्षेपण

त्या वाहिनीचं नाव मी घेणार नाही. भीड म्हणून नाही. नाव घेतल्यानं काय होतं ते मला ठाऊक आहे म्हणून.

कला आणि संगीत यांनाच वाहून घेतलेली ती वाहिनी. आमच्या नाशिकच्या द्वारका भागातल्या केबलवर ती एकसष्टाव्या नंबरला यायची. तिच्यावर कोणीतरी अखंड मातीचं भांडं फिरवत असे, ते थांबलं की कोणीतरी सतार लावत असे. सतार वाजेपर्यंत कार्यक्रम संपायचा. केबलवाला धनराज म्हणायचा, "सर, पूर्ण एरियात दोनच जण बघतात. तुम्ही आणि ते दाताचे डॉक्टर." डॉक्टरांनी ती वेटिंग रूममध्ये लावून ठेवली होती. भुलीचं इंजेक्शन कमी लागतं म्हणे.

नव्याण्णव सालच्या फेब्रुवारीत या वाहिनीची वेदिका नावाची दिग्दर्शिका मला शोधत कॉलेजात आली. लोप पावणाऱ्या वाद्यांवर ती तेरा भागांचा माहितीपट करत होती आणि तिला जाणकार हवा होता. मी अकरावी-बारावीला लोकसाहित्याचा धडा अकरा वर्षं शिकवत होतो. धड्याबाहेर लोकसाहित्य कधी पाहिलं नव्हतं, पण तसं तिनं विचारलं नाही.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर काळूबाबा थाळी वाजवतात, अशी माहिती तिच्याकडे होती. जीप करून गेलो. काशाची थाळी, तिच्या मधोमध मेणानं उभी चिकटवलेली एक काडी. ओल्या बोटांनी काडी वरून खाली ओढायची, की थाळी गुंगत राहते आणि त्या गुंगण्यावर माणूस गातो. काळूबाबा सत्तरीचे, अंगानं काडीसारखेच. वेदिकानं त्यांना एवढंच सांगितलं की नेहमी म्हणता तसंच म्हणा, फक्त दिवसाउजेडी म्हणा. ते बराच वेळ दिव्यांकडे आणि कॅमेऱ्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "नाव?"

आमच्याकडे नाव विचारलं की माणूस बापाचं आणि आडनाव जोडून देतो. मास्तर असला तर पदवीसकट. मी म्हटलं, "सावळीराम कचरू बोराडे. एम.ए., बी.एड."

"गाव?"

"नाशिक. द्वारका."

त्यांनी ते दोनदा तोंडात घोळवलं, पाठ करावं तसं. मला बरं वाटलं. कॉलेजात माझं नाव पाठ करायची तसदी प्राचार्यांनीही घेतली नव्हती.

गाणं सव्वा तास चाललं. उन्हं डोंगरावर कलली तेव्हा वेदिका म्हणाली, "कट. सुंदर." आम्ही दिवे गुंडाळले, जीपमध्ये जाऊन बसलो. मागे काळूबाबा अजून काहीतरी म्हणतच होते आणि पाड्यातली माणसं एकेक करून त्यांना उत्तर देत होती. वेदिकानं विचारलं, हे काय चाललंय? अकरा वर्षांच्या अधिकारानं मी सांगितलं, "आभारप्रदर्शन."

एप्रिलमध्ये तिनं कुरिअरनं कॅसेट पाठवली. पडद्याखालच्या ओळींसाठी गाण्याचं भाषांतर मी करायचं होतं. दुपारी व्हीसीआर लावून, थांबवत, मागे नेत लिहायला बसलो. बोली डोंगराकडची, अर्धी कळत होती. कोणीतरी अंगण सोडून वाट धरतं, वाट सोडून नदी धरतं. नदीशी सोबतीची माणसं थांबतात, आणि तो एकटाच पाण्यात उतरतो. म्हणजे हे मेलेल्या माणसाला पोचवायचं गाणं होतं. छान, म्हटलं, करुण रस. तेवढ्यात पडद्यावरच्या काळूबाबांनी विचारलं, कोण चालला? आणि स्वतःच सांगितलं:

सावळीराम चालला. कचरूचा पोर चालला. दुवारकाचा चालला. यम्मे बीयड चालला.

मी कॅसेट मागे नेली. ते परत चालले. इतक्यांदा मागे नेली की त्या जागी फितीवर पांढरी रेघ पडली, पण नाव स्वच्छ ऐकू येत होतं.

स्वयंपाकघरातून बायको, ज्योत्स्ना, म्हणाली, "तुमचं नाव घेतायत का हो ते?"

"नामसाधर्म्य आहे."

"एम.ए., बी.एड.सुद्धा?"

"असतात," मी म्हटलं.

इथं सांगायला हवं की मी त्या काळात आमच्या विवेक विचार मंडळाचा चिटणीस होतो. भगत, भानामती, मूठ मारणे या विषयांवर माझी व्याख्यानं होत. प्रात्यक्षिकात मी लिंबू कापून त्याचं सरबत पीत असे. तेव्हा घाबरण्याचा प्रश्नच नव्हता. फक्त त्या ओळीचं भाषांतर मी "आत्मा निघाला" असं केलं. आत्म्यावर माझा विश्वास नव्हता. पण आपल्यापेक्षा तो गेलेला बरा.

जूनच्या पहिल्या मंगळवारी, दुपारी साडेतीनला कार्यक्रम लागला. बुधवारी सकाळी द्वारका चौकात एका ट्रकचा आरसा माझा चष्मा घेऊन गेला. कान राहिला. रविवारी सकाळी पुनःप्रक्षेपण झालं आणि सोमवारी आमच्या सिलिंडरचा रेग्युलेटर गळायला लागला. तिसऱ्या खेपेनंतर माझ्या छातीत डाव्या बाजूला दुखू लागलं. ईसीजीची पट्टी काढून डॉक्टर म्हणाले, गॅस आहे. सिलिंडरवाल्यानंही तेच सांगितलं होतं.

तीन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे वाक्य माझ्या व्याख्यानात दर वेळी असे. मी ते आरशासमोर म्हणून पाहिलं. आरशातल्या माणसाला पटलं नाही.

वेदिकाला फोन केला, तो भाग दुरुस्त करता येईल का म्हणून. ती आनंदात होती. "सर, हाच एपिसोड सगळ्यांत आवडलाय. आता महिन्यातून चारदा लावतील." मग धनराजला गाठून म्हटलं, मंगळवारी साडेतीनला ते चॅनल तेवढं बंद ठेव.

"ठेवतो ना," तो म्हणाला. "पण सर, इथं बंद केलं तरी दिल्लीला चालूच राहणार. दुबईला पण दिसतं ते."

तोवर मी फक्त नाशिकमध्ये मरतोय अशा समजुतीत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत एसटीनं पेठला गेलो. पुढे चालत पाड्यावर. मंडळाच्या कामाला जातो असं घरी सांगितलं होतं. काळूबाबा अंगणात टोपली विणत होते, त्यांची सून भागीबाई नागली पाखडत होती. मला बघून म्हाताऱ्यानं ओळखीचं हसून विचारलं, तुमचं ते काम नीट झालं ना? कसलं काम, मी म्हटलं. तर म्हणाले, तुमच्या माणसाला पोचवलं ते.

मी म्हटलं, कोण माणूस?

"सावळीराम," ते म्हणाले. "एवढ्या लांबून गाडी घेऊन आलात, दिवे लावलेत. मला वाटला, घरचा कोनी गेला आसंल. उगाच मेल्याचा गाना कोन म्हनवून घेतो?"

"बाबा, सावळीराम मीच."

भागीबाईचं सूप थांबलं. काळूबाबांनी टोपली बाजूला ठेवली आणि मला खालून वरपर्यंत नीट पाहिलं, मी कुठं कुठं उरलोय ते तपासावं तसं.

"मंग तुमाला तं मी तिकडंच ठेवून आलो," ते म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मेलेल्याला नदीपर्यंत पोचवायला ऐकणारे सगळेच जातात, गाणं त्यांना नेतं. म्हणून शेवटी म्हणणाऱ्यानं एकेकाला नाव घेऊन हाक मारायची असते, आला का? त्यानं आलो म्हणायचं. तसं केल्याशिवाय उठायचं नसतं. आम्ही गाडीत बसलो होतो तेव्हा तेच चाललं होतं. दिव्यावाल्यांना त्यांनी नावं माहीत नसल्यानं मोघम हाक मारून आणलं होतं. माझं नाव मात्र मेल्याचं म्हणून घेतलेलं. ते परत कसं घेणार?

म्हणजे ते आभारप्रदर्शन नव्हतं. अकरा वर्षं मी काय शिकवत होतो, हा वेगळा प्रश्न.

काळूबाबा आत गेले, थाळी घेऊन आले. मेण मऊ करून काडी उभी केली, बोटं ओली केली. फार वेळ लागला नाही. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "सावळीराम कचरू, आला का?"

"आलो," मी म्हटलं. विवेक विचार मंडळाचा चिटणीस या नात्यानं सांगतो, छातीतलं दुखणं तिथल्या तिथं थांबलं.

मी उठायला लागलो, आणि मग प्रामाणिकपणा नडला. सांगून टाकलं की ते गाणं टीव्हीवर महिन्यातून चारदा लागतं.

"कोन म्हनतो ते?"

"तुम्हीच, बाबा."

"मी तं हितं आसतो," काळूबाबा म्हणाले. मी पहिल्यांदाच त्यांना घाबरलेलं पाहिलं. आपला आवाज आपल्याला न विचारता दुबईत माणसं पोचवतोय, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बराच वेळ ते बोटांवर काही मोजत राहिले. मग म्हणाले, जितक्या वेळा नेईल तितक्या वेळा आणायला लागेल.

तशी व्यवस्था झाली. आश्रमशाळेजवळच्या दुकानात फोन होता. वाहिनीचं महिन्याचं वेळापत्रक मला पोस्टानं येई. कार्यक्रम संपला की मी दुकानात फोन करायचो, भागीबाई जवळपास असली तर धावत जाऊन सासऱ्याला शेतातून आणायची. दहा मिनिटांनी पुन्हा लावायचो. पलीकडे फोनशी धरलेली थाळी माशीसारखी गुंगायची, मग आवाज यायचा, आला का? मी म्हणायचो, आलो. झालं. मधल्या दहा मिनिटांत मी घरातल्या कुठल्याही धारदार वस्तूजवळ जात नसे.

"दर वेळी कुठून येता हो तुम्ही?" ज्योत्स्नानं एकदा विचारलं. "दुपारभर तर घरीच असता."

तीन वर्षं असं चाललं. मंडळाचा राजीनामा मी प्रकृतीच्या कारणास्तव दिला, आणि ते खोटं नव्हतं.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये दुकानातून उलटा फोन आला. आजवर कधी आला नव्हता. भागीबाई होती. म्हातारा पहाटे गेला, म्हणाली. मला शरम वाटते, पण आधी मनात आलं ते मंगळवारचं. त्या दिवशी शनिवार होता.

ती थांबली नाही. आसपासच्या पाड्यांत थाळीवाला दुसरा कोणी राहिला नव्हता. तिसऱ्या दिवशी सासऱ्याला पोचवायचं कसं? "सर, तुमच्याकडं क्याशीट आहा ना? ती घेऊन या."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर मला कळलं की मी कशाला हो म्हटलंय. त्या कॅसेटमध्ये नाव माझं होतं. अख्ख्या पाड्यासमोर, खऱ्याखुऱ्या तिसऱ्या दिवशी, खऱ्या मेलेल्याच्या अंगणात ती लावायची आणि पाण्यात उतरायचं मी. परत आणणारा तर आता पलीकडेच निघालेला. एसटीत बसेपर्यंत मी तीन सबबी तयार केल्या होत्या; तिन्ही चांगल्या होत्या. पण तीन वर्षं तो म्हातारा माझ्यासाठी अर्धं शेत टाकून फोनपर्यंत पळत आला होता.

आश्रमशाळेचा टीव्ही आणि व्हीसीआर अंगणात बाजेवर मांडले होते. आमच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, तरी आमच्याकडे वीज जाते. इथं तर ती पाहुण्यासारखी, दुपारी तीन ते पाच. साडेतीनला कॅसेट लावली. काळूबाबा पडद्यावर आले तशी बाया पदर तोंडाला लावून रडू लागल्या. अंगण सुटलं. वाट लागली. नदी आली. पांढरी रेघ दिसली तसा मी उठलो आणि आवाज पूर्ण बंद केला.

पडद्यावर काळूबाबांचे ओठ हलत होते. ते थेट माझ्याकडे बघत होते, आणि काय म्हणताहेत ते मला पाठ होतं. सावळीराम चालला. मग मी ओरडलोच.

"काळू चालला. सोनूचा पोर चालला. ह्या पाड्याचा चालला. थाळीवाला चालला."

बापाचं नाव भागीबाईनं आधीच सांगून ठेवलं होतं. ओठ थांबले तसा मी आवाज परत मोठा केला. दोन मिनिटांनी वेदिका पडद्याबाहेरून म्हणाली, "कट. सुंदर." आणि निळा पडदा उरला.

सगळे नदीशी बसून राहिले. कोणी उठेना. भागीबाई माझ्याकडे बघत होती. परतीचं गाणं कॅसेटमध्ये नव्हतंच. ते फोनवरून तीन वर्षं, दीडेकशे वेळा ऐकलेला माणूस जगात एकच होता. आणि त्याला सूर नव्हता.

थाळी मला वाजली नाही, नुसती किरकिरली. तरी म्हटलं. भागीबाई कानात एकेक नाव सांगत गेली, मी विचारत गेलो, आला का, आली का, आणि म्हाताऱ्यापासून कडेवरच्या पोरापर्यंत सगळे आलो म्हणत गेले. पोराच्या वतीनं आईनं म्हटलं. शेवटी भागीबाई आली. मग नावं संपली.

आपली आपल्याला हाक मारता येत नाही, एवढं मला समजत होतं. थाळी मांडीवर धरून मी तसाच बसलो. मान वर करून कोणाकडे बघायचं धाडस होईना. ऊन डोंगरावर कललं होतं, अगदी शूटिंगच्या दिवसासारखं.

"सावळीराम कचरू," भागीबाई म्हणाली. तीन वर्षं दुकानात उभं राहून तिलाही ते पाठ झालं होतं. "दुवारका. यम्मे बीयड. आला का?"

मी मान वर केली.

"आला का, सर?" तिनं जरा चढ्या आवाजात विचारलं, फोन कटलाय का बघावं तसं.

"आलो," मी म्हटलं.

मग अंगण उठलं. दुकानातल्या फोनपाशी लावायला म्हणून भागीबाई वाहिनीच्या वेळापत्रकाचा कागद मागायला आली. मी खिशातून काढून दिला.